उद्बोधन वर्ग, दिवस पहिला

पत्रात लिहिलं होतं : नवनियुक्त सदस्यांना
सोळा तासांचं प्रशिक्षण बंधनकारक.
पुतण्या हसला, म्हणाला, काका, साठीत पुन्हा शाळा.

भोसरीच्या माझ्या शेडमध्ये
नव्या पोराला सहा महिने लेथला हात लावू देत नाही.
आधी झाडू, मग तेलाची बुधली,
मग व्हर्निअर, तोही नुसता वाचायला.
पहिला धडा एकच :
चक फिरत असताना हात पाठीमागे.

आणि इथे सोळा तासांत
अकरा हजार पोरांची फी, वसतिगृहाचं गळकं छप्पर,
कुठला विषय जगणार, कुठला मरणार
यावर हात वर करायला
मी लायक होणार होतो.
मला काही सोळा तास जास्त वाटले नाहीत.

गणेशखिंडीकडे वळलो तेव्हा साडेनऊ.
गोल टेबल, पाण्याच्या बाटल्या, नावांच्या पाट्या.
माझ्या पाटीवर फुगेचं फुले झालेलं.
राहू दिलं. या गावात त्याला चूक कोण म्हणेल?
शेजारच्या कडेठाणकरांनी दोन्ही दिवसांच्या सह्या
चहाआधीच उरकल्या, पेन सरकवलं :
घ्या, तुम्हीपण मोकळे व्हा.

शिकवायला सोवनीबाई. निवृत्त उपकुलसचिव.
आल्या आल्या प्रोजेक्टर बंद केला.
कायदा घरी वाचा, म्हणाल्या. मराठीत आहे,
झोप येईल, तरी वाचा.
मग पर्समधून स्वतःचा खडू काढला
आणि एकेक कागद वाटला, जुन्या इतिवृत्तातलं पान,
साल आणि नावं काळ्या शाईनं झाकलेली.
चूक शोधा.

‘विषय क्र. ९ : सायंकालीन पदविका वर्ग.
सरासरी उपस्थिती एकेचाळीस टक्के.
सबब सदर वर्ग पुढील वर्षापासून बंद करण्यात यावा.
चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’

कोणी म्हणालं, गणपूर्तीची नोंद नाही.
कोणी म्हणालं, सूचक-अनुमोदक कुठे आहेत?
कडेठाणकर फोनवर, बाहेर.

मला साल कळायला
शाई खरवडावी लागली नाही.
पाचला भोंगा, रॉकेलनं धुतलेले हात,
सव्वापाचची बस, जी पावणेसहाला यायची, आलीच तर.
वर्ग सहाला.
सुतार सर खडू ठेवून आमच्यासाठी थांबायचे,
पण हजेरीवही कार्यालयाची,
ती सहा-पाचला मिटायची.
तेवीस जण होतो.
जूनमध्ये गेलो तर दाराला कुलूप.
शिपाई म्हणाला, वरून आलंय.
वर म्हणजे नक्की कुठे
हे तेहतीस वर्षं माहीत नव्हतं.
वर म्हणजे हे टेबल,
पाण्याची बाटली, चुकीच्या नावाची पाटी.

हात वर केला.
माझं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं :
याला बसचं वेळापत्रक का जोडलेलं नाही?

मागे कोणीतरी हसलं.
सोवनीबाईंनी प्रश्न फळ्यावर लिहिला,
खाली रेघ मारली, आणि फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणाल्या,
ही टिप्पणी मीच तयार केली होती.
कनिष्ठ लिपिक होते तेव्हा.
हजेरी मागितली, मी हजेरी दिली.

मग जेवणाची सुट्टी झाली.
मसालेभात, जिलबी, वाटीत मठ्ठा.
बाई माझ्यापासून तीन माणसं पुढे, रांगेत.
त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.
खडूचा हात त्यांनी दोनदा पदराला पुसला.

दुसऱ्या दिवसाची सही
मी दुसऱ्या दिवशी केली.
कडेठाणकरांची खुर्ची रिकामी होती.
कागदावर त्यांची उपस्थिती शंभर टक्के.