चालण्याच्या वेगाने

अहवालात वेगाचा एक रकाना होता.
मी लिहिलं : माणूस चालतो तेवढा.
सरदेसाईंनी ते खोडलं, आकडा मागितला.
आकडा मला कुठला ठाऊक?
मी तर त्याच्या बरोबरीनेच चालत होतो,
डाव्या पंखाच्या टोकाशी, हातात नारिंगी काठी,
धापसुद्धा लागली नव्हती.

दाबोळीची दुपार. डांबरावर उन्हाचं खोटं पाणी,
त्यात घोट्यापर्यंत बुडून उभं होतं दुसरं विमान,
सहा आसनांचं, कुणा खाणवाल्याचं,
महिनाभर जागचं न हललेलं,
नाकावर कापडी टोपी.

आमचं वळायला लागलं.
वळताना चाकांपेक्षा पंखाचं टोक जास्त चालतं,
आणि आत बसलेल्याला
आपण नेमके कुठे संपतो ते कळत नाही.
म्हणून तर बाहेर मी.

आवाज केवढा झाला?
पत्र्याच्या डब्याचं झाकण निसटावं, तेवढा.
लाल दिव्याची काच फुटून पायाशी आली.

ती खाली उतरली, रेबेलो,
नोकरीचा दुसरा महिना.
हेडफोन गळ्यात तसाच, वायर लोंबत होती.
चेपलेल्या जागी तळवा ठेवून म्हणाली,
'इल्लेंशेंच लागलें मरे.'
आणि माझ्याकडे पाहिलं,
जणू इल्लेंशें म्हणजे किती ते मी ठरवणार होतो.

माझे बाबा कुठ्ठाळीच्या फेरीबोटीवर खलाशी.
जुवारीला भरती असो, ओहोटी असो,
बोट आधी धक्क्याला टेकवायची, मग दोर फेकायचा.
टेकली, की माणसं उतरायची,
कोंबड्यांच्या टोपल्या, सायकली, एखादी नवरी.
टेकणं म्हणजेच पोचणं.
धक्क्याला जुने टायर टांगलेले असत,
त्यांच्यावर रोजचे नवे ओरखडे.
बाबांना कुणी कधी रकाने भरायला लावले नाहीत.

सरदेसाईंनी फीत धरली, मी टोक धरलं.
आत गेलेलं : साडेचार इंच.
खर्चाचा आकडा त्यांनी मला दाखवला नाही.
कारणाच्या रकान्यात लिहिलं :
वैमानिकाने वळण रुंद घेतलं.
मी खाली सही केली. मराठीत करतो मी सही,
नेहमीपेक्षा जरा स्वच्छ आली.

टिटवीचं कुठेच लिहिलं नाही.
गवतातून ती डांबरावर आली होती,
मागे तीन पिल्लं, सुपारीएवढी,
पाय भाजत असावेत, थांबत थांबत पळत होती.
तिसरं मागे राहिलं.
तेवढंच पाहिलं मी.
तेवढाच वेळ.

रेबेलोला सध्या उडायला मनाई आहे.
काल कँटीनमध्ये दिसली, भाजीपाव खात होती.
मी माझा चहा घेतला,
तिच्या टेबलाच्या बाजूने गेलो,
मध्ये पुरेसं अंतर ठेवून.