खिंडसी, कार्तिक

अकरा वर्षं एकच कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात.
साल संपलं तशा तारखा कापून टाकल्या,
वरचं चित्र ठेवलं:
निळं तळं, काठाला देवदार, शिडाची होडी.
खाली पतसंस्थेचं नाव, त्यावर फोडणीचे डाग.
रिटायर झालो की जाऊ, असं हे म्हणायचे.
मग गुडघे आले.
मग काचबिंदू.

शेवटी गणेशपेठहून रामटेकची लाल गाडी.
मनसरशी मँगनीजचे काळे ढिगारे,
खिडकीतून येणारी थंडी, पहिलीच, अजून लाजरी.
"पहाड आला का?"
"आला."
"केवढा?"
"आपल्यापुरता."

बांधावर सतरंजी टाकली.
दसरू ढिवर डोंग्यातून वाकून शिंगाडे तोडत होता,
कोपरापर्यंत हिरवा.
सागाचं एक पान यांच्या मांडीवर पडलं,
किड्यांनी खाऊन नुसती जाळी उरलेली.
हे बोटांनी ते वाचत बसले.
"सांग, काय काय दिसून राहिलं?"

मी सुरू केलं.
तळं निळंशार, म्हटलं.
काठाला देवदार, उंच उंच.
आणि एक होडी, शिडाची, अशी जराशी तिरपी...
हे मान हलवत ऐकत होते.
मग हळूच म्हणाले,
"अन् फोडणीचे डाग? कोण्या बाजूला आहेत?"

दसरू हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

मग खरं सांगितलं.
पाणी निळं नाही. शेवाळी आहे,
मधेच कल्हई केल्यासारखं चमकतं.
पहाड बुटके, गवत पिकून पिवळं पडलंय,
वर गडावरचं देऊळ, पांढरं,
वाळत घातलेल्या धोतरासारखं.
चार म्हशी. एकीच्या पाठीवर बगळा.
लांबून आलेली बदकं आहेत, नाव मला येत नाही.
एक डुबते, अन् निघते भलतीकडेच.

"भलतीकडे म्हणजे कुठी?"
बोट धरून दाखवलं.
ती परत डुबली. परत दाखवलं.
असं किती वेळ चाललं,
डब्यातल्या पोळ्या तशाच राहिल्या.

उकडलेले शिंगाडे सोलून
दोघांचीही नखं काळी.

परतीच्या गाडीत शेजारी कॉलेजचं पोरगं होतं.
हे त्याला सांगत होते,
"इथं डुबते ना, तर थेट तिथं निघते,"
अन् बोट बरोब्बर
ड्रायव्हरच्या पाठीवर.
पोरानं मोबाइल खाली ठेवून
तिकडं पाहिलं.