नमुना क्रमांक ११८७

पावणेसहाला पामबीचवर
वाहतूक थांबवलेली,
सिग्नल मात्र आपला बदलतोय,
लाल, हिरवा, लाल,
कुणासाठी कोण जाणे.
छातीवर चार टाचण्या, ११८७.
रोज मी असे आकडे नळ्यांवर चिकटवते,
नेरुळच्या लॅबमध्ये,
जिथे लोक बाही वर करतात
आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवतात.
आज बाही माझी वर आहे.

डेंग्यूला चार महिने झाले.
प्लेटलेट्स अठरा हजार, हे मीच वाचलं होतं,
रुबीनाने स्क्रीन फिरवायच्या आत.
आता सगळं बरं आहे म्हणतात.
सगळं म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.
म्हणून हे पाच किलोमीटर.
शर्यत कसली,
उपाशीपोटी द्यायचा नमुना.

तीन, दोन, आणि गर्दी सुटते
फाटल्या गोणीतून तांदूळ सांडावा तशी.
पहिला किलोमीटर नेहमीच खोटं बोलतो.
पाच-चाळीस, मनगट सांगतं,
आणि मी बावळटासारखी विश्वास ठेवते.
उजवीकडे तिवरं, ओहोटीचा वास,
पुढे निळ्या कॅनव्हासच्या बुटांत
करावे गावातले हिराजीकाका.
त्यांचं नाव मला ठाऊक आहे, साखरही:
जेवणाआधी एकशे बेचाळीस.
त्यांना मी ठाऊक नाही.
सुईमागचा चेहरा कोण लक्षात ठेवतं?

दुसऱ्यात मांड्या बोलू लागतात.
काकांना मागे टाकते, उगाच.
महापालिकेचा घुमट जवळ येतो, येतो,
आणि येतच नाही.
मग एका नारिंगी शंकूला वळसा,
टोपीवाला पोरगा ओरडतो,
"चला मावशी, अर्धं झालं!"
मावशी.
गेल्या वर्षी ताई होते.
हाही एक रिपोर्टच.

परतीला वारा समोरून.
चौथ्या किलोमीटरबद्दल काही लिहू नये.
तरी लिहिते:
तोंडात पितळेची चव,
बरगडीखाली कुणीतरी चिमटा धरून बसलेलं,
आणि आठवली तापातली ती रात्र,
पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची अकरा पावलं
भिंत धरून, मध्ये एकदा खुर्चीवर बसून.
तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं.

थांबले. हो, थांबले मी,
दिव्याच्या खांबाला हात टेकून.
मागून चप चप चप,
त्याच लयीत, जी पहिल्यापासून होती,
हिराजीकाका आले, न बघताच म्हणाले,
"बसू नको गो पोरी. चालत रा."
आणि गेले.

चालले. मग जरा पळाले.
मग पुन्हा चालले, ते कुणी पाहिलं नाही.
शेवटी हवा भरलेली कमान, किंचित कलंडलेली,
तिच्यावरचं घड्याळ: चौतीस मिनिटं, नऊ सेकंद.
गेल्या जानेवारीत सत्तावीस होती.

गळ्यात पत्र्याचं पदक, हातात ओआरएस,
दुभाजकावर बसते.
फोनवर निकाल येतो, तोच आकडा,
जणू मला माहीतच नव्हता.
आमच्या रिपोर्टात आकड्याशेजारी एक रकाना असतो,
किती ते किती म्हणजे ठीक.
लोक आधी तोच वाचतात,
मग माझ्याकडे बघतात, मी डॉक्टरांना विचारा म्हणते.
इथे तो रकाना कोराही नाही,
नाहीच.

शेजारी हिराजीकाका बुटातली खडी झटकतायत,
मांडीवर सोललेलं केळं.
"काका, अख्खं नको," माझ्या तोंडून निघून जातं,
"तुमची साखर..."
ते मान वळवतात. बराच वेळ बघतात.
"तू ती सुईवाली ना?"
मी हो म्हणते.
ते केळं मधोमध मोडतात,
मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवतात.

मनगटावरचं घड्याळ बंद करायचं राहिलंय.
एकेचाळीस मिनिटं, बारा,
तेरा,
चौदा.