सपाट दात

तिसऱ्या दिवशीही विमान आलं नाही.
धावपट्टीवर धुकं बसून आहे,
आणि कस्कोक्विम, आमची गोठलेली नदी,
हिवाळ्यातला एकुलता हमरस्ता,
मधोमध तडकली आहे म्हणे.

म्हणून ओलिंका वासिली माझ्या खुर्चीत,
पायांत स्वतः शिवलेले बूट,
तोंडात माझा पेनाएवढा कॅमेरा.

मी डॉक्टर नाही.
दोन वर्षं शिकून परत आलेली, याच गावची.
डॉक्टर बेथेलला असतात,
आणि त्यांच्या आधी आता हा असतो,
पडद्यामागचा,
ज्याचा दात कधी ठणकला नाही.

बारा सेकंदांत त्याचं उत्तर.
दातांवर लाल चौकटी, भराभर:
तीव्र झीज. रात्री दात खाण्याची सवय.
शक्यता एक्क्याण्णव टक्के.
रुग्णास ताणतणावाबद्दल विचारावे.

विचारलं. विचारल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
ओलिंका हसली तशी कॅमेऱ्याची काच धुरकटली.
"कुणावर खाऊ दात? नवरा होता तोवर ठीक होतं."
मग पाय उचलून तिने बुटाचा चवडा दाखवला,
तळव्याच्या कडेने बारीक बारीक चुण्या,
एकीसारखी एक.
"माझा कुणावर दात नाही, पोरी.
असलाच तर या चुण्यांवर आहे."

सीलचं कातडं चावून चावून मऊ करायचं,
दातांनीच चुणी पाडायची, मग टाका.
सहा मुलं. दर हिवाळ्याला नवे जोड.
"कर म्हणावं त्याला हिशेब."

हिशेबाला रकाना नव्हता.
'इतर' च्या पुढे मी लिहिलं: रोग नाही, काम.
उरलेली जागा रिकामी लुकलुकत राहिली.
ज्यांच्या तोंडांवर तो शिकला
त्यांचे बूट दुकानातून आले असणार.

इथेच थांबले असते तर बरं वाटलं असतं मला.

पण त्याच चित्रात, खाली डावीकडे,
जिभेच्या कडेला एक पिवळी चौकट.
तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका डाग.
खात्री नाही. तज्ज्ञांना दाखवावे. लवकर.
या वर्षात चार वेळा मी त्या तोंडात डोकावले होते.
चार वेळा.

आपलेच दात, आपलेच ओठ,
म्हणून गाव मला माफ करेल.
याला कोण करणार?
हा ना दात, ना ओठ.
बरोबर निघाला तर शाबासकी कुठल्या पत्त्यावर,
चुकला तर विमानाचं भाडं कुणाच्या खिशातून,
आणि तोवर ओलिंकाच्या रात्रींचं काय?

शेवटचं पान: सहमत.
एवढंच बटण हिरवं. दुसरं करडं, दिसेल न दिसेल असं.
'आपल्या प्रतिमा सेवा सुधारण्यासाठी…'
आमच्या भाषेत हे नीट होईना. मी म्हटलं,
तो तुझं तोंड ठेवून घेईल,
दुसऱ्यांची तोंडं ओळखायला.

ती बराच वेळ गप्प. हीटर तेवढा घरघरत होता.
"माझे वडील सील मारून आणायचे ना,
तर आधी त्याच्या तोंडात गोडं पाणी घालायचे.
ज्याचं घेतलं, त्याला तहानलेलं पाठवायचं नाही.
हा काय घालतो तोंडात?"

मला काही सुचेना. चूळ भरायचा पेला पुढे केला.
"हे तू दिलंस," ती म्हणाली, "मी त्याचं विचारलं."

दुपारभर मी बेथेलला फोनवर
दातांच्या कण्या केल्या,
एक माणसाचा आवाज मिळावा म्हणून.
अंधारताना एक बाई बोलल्या, दमलेल्या.
चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं,
म्हणाल्या, उद्या धुकं उठलं की पाठव, मी थांबते.
मी म्हटलं, तुमचं नाव सांगा. पूर्ण.
थोडं रागावूनच सांगितलं त्यांनी.
पिवळ्या चौकटीखाली मी ते लिहिलं,
आणि त्याखाली माझं.

ओलिंका गेली आहे घरी, मासे वळत घालायचे होते.
'सहमत' अजून दाबलेलं नाही.
पडदा मधूनच काळवंडतो,
मी बोट लावून त्याला जागा ठेवते.