छापा-काटा

बुरोंडीच्या पुळणीत, ओहोटीला तिसऱ्या उकरताना
जैतुनबीच्या कोयतीला लागलं एक नाणं,
पूर्व रोमच्या कुणा सम्राज्ञीचं.

पेडणेकर मास्तर म्हणाले, हिनंच
उतरवलेल्या तसबिरी पुन्हा देवळात लावल्या. संतीण.
मग भिंग पुसत, हळू :
जिथं बाळंत झाली
त्याच खोलीत लेकाचे डोळे काढवले.

सोनारानं वजन तेवढं सांगितलं.

मी म्हटलं, उडवूया.
छापा संतीण, काटा कैदाशीण.
वाळूत पडलं : तीच.
उलटलं : तीच.
तोच मुकुट, तीच नजर, पाठीलाही.

जैतुनबी हसली नाही.
पदरानं नाणं घासत राहिली.
"त्या पोराचा नाव काय व्हता?"

मास्तरांना आठवेना.
भरतीचं पाणी आम्ही उकरलेल्या खड्ड्यांत
शिरू लागलं होतं.