एकाच पोटची

जिरीत शनिवारचा बाजार भरतो
तेव्हा आमच्या खोलीला सुट्टी नसते.
लोक बटाटे, मिरच्या, कोंबड्या घेऊन खाली उतरतात
आणि जाता जाता खिडकीतून
घट्ट झाकणाचा डबा आत सरकवतात,
नजर दुसरीकडे ठेवून.
डब्यावर नाव नसतं, फक्त आकडा.
पण मी इथलाच, जिरेल.
आकडा वाचला की मला घर दिसतं,
घरामागचा मक्याचा तुकडा दिसतो,
कुणाची मावशी कुणाच्या काकाकडे दिली तेही.

माझं काम मोजण्याचं.
भिंगाखाली अंडी:
तपकिरी, खडबडीत कडांची, जुन्या कोटाच्या गुंड्यांसारखी.
गोळी दिल्यावर पडलेले जंत वेगळे.
ते धुवायचे, मोजायचे, तराजूत घालायचे.
पहिला आठवडा जेवण गेलं नाही.
आता हात धुतो आणि चहा पितो.

मंगळवारी चारशे बारा आला.
चारशे बारा म्हणजे लालमती, माझी थोरली.
बेचाळीस.
चारशे तेरा म्हणजे मी.
एकही नाही.
दिवा जवळ ओढून परत पाहिलं. नाहीच.

एकाच थाळीतला ढिंडो खाल्ला आम्ही.
एकाच झऱ्याचं पाणी,
एकाच वाफ्याची माती नखांत,
एकाच बांधाआड बसलो.
तरी खाल्लेलं तिच्या अंगी लागलं नाही कधी.
पोट मडकं, पाय काटक्या.
आई म्हणायची, घाणेरडी कार्टी,
हात धुवायला काय झालं होतं?
एकदा तिने चुलीतली राख घेतली
आणि लालमतीचे तळवे रगडले
कातडी लाल होईपर्यंत.
मी शेजारीच उभा होतो.
माझे हात तिच्यापेक्षा काळे होते.
मला कुणी काही म्हणालं नाही.
मी ते पोटात ठेवलं.
तिच्या पोटात दुसरंच होतं.

काठमांडूहून आलेल्या तुलाधरबाईंनी
अकरा कागद खळीने जोडून जमिनीवर पसरले.
बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन,
ज्याला जंत फार त्यात पेन्सिल भरलेली.
सात पिढ्या. अख्खं खोरं एका कागदावर.
काळे गोल काही वाटांनीच खाली येत होते,
पायऱ्यांच्या शेतात
वरच्या ताटातलं पाणी खालच्यात उतरावं तसे.

रक्तात कुठेतरी लिहिलेलं असतं, बाई म्हणाल्या,
पाहुणा शिरला की भुंकायचं
की दार उघडं टाकून झोपायचं.
सगळंच रक्तात नसतं हं. माती आहे, संडास नाहीत.
पण माती सगळ्यांना सारखंच वाढते.
घेणारे सारखं घेत नाहीत.

मी गुडघ्यांवर बसून
लालमतीच्या गोलावरून बोट वर नेलं.
आईचा गोल काळाभोर.
त्यावर तिच्या बापाचा चौकोन, तोही.

सांगायचं नसतं. सांगितलं.
लालमती गवताचा भारा टाकून हसत सुटली:
“म्हणजे मी हात धूत होते,
हे आता कागदावर आलं म्हणायचं?”

आई लसूण सोलत होती.
बराच वेळ सोललेल्या पाकळ्याच सोलत राहिली.
मग म्हणाली, तुला कसं नाही मग?
तुझ्याकडे दोन होती, मी म्हटलं,
मला दुसरं आलं असेल. कुणी निवडून घेत नाही.
तिने मान हलवली,
जसं हाटात न पटलेला भाव ऐकून घेतात.

चूल विझत आली तेव्हा
तिने राखेकडे पाहून विचारलं,
“तेव्हा गरम होती का रे?”

मला आठवत नव्हतं.
जिला आठवत असेल
ती गोठ्यात
वासराला पाणी दाखवत होती.