तीन मण्यांचा दोरा

शटर अर्धंच वर होतं.
मी वाकून आत गेले आणि जरा लवकर ताठ झाले,
एवढंच.
रक्त नाही, टाका नाही.
दस्तगीरनं घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला.
म्हटलं, काही नाही रे, दूध संस्थेचा अहवाल आज जायचाय.

त्याच अहवालाच्या अकराव्या पानावर
'सभासद'मधला द
उठून शेजारच्या ओळीत जाऊन बसला.

सीपीआरमध्ये डोक्याचा फोटो काढला. स्वच्छ आला.
डॉक्टर म्हणाले, मेंदू जरा हललाय, बसेल हळूहळू.
एसटीत चढलेला माणूस कधीतरी बसतोच, तसं.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं.
अर्ध्या कोल्हापूरच्या लग्नपत्रिकांतले 'आर्शिवाद'
मी सरळ केले.
आता ओळ संपते, आणि पुढची सापडत नाही.
उजवीकडून डावीकडं परतताना
डोळे वाटेतच कुठंतरी उतरतात.
शिरोरेघा दोन दिसतात,
एक खरी, एक तिची सवत,
आणि अक्षरं दोघींच्या पदराला लोंबकळतात.

ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो मला.
रंकाळ्यावर जायचं सोडलं,
तिथलं ऊन पाण्यावरून सुया घेऊन येतं.
'चांगली तर दिसतीस की,' भेटेल तो म्हणतो.
चष्मा दोनदा बदलला.
बाबासोंनी महिन्याचं पाकीट हातात दिलं,
माझ्याकडं न बघता म्हणाले,
प्रूफं सध्या निगव्याच्या एका पोराकडं दिल्यात.

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, जिना चढून,
शेजवळ मॅडम डोळ्यांना व्यायाम शिकवतात.
एक दोरा दिला त्यांनी. तीन मणी: लाल, पिवळा, हिरवा.
एक टोक खिडकीच्या गजाला,
एक माझ्या नाकाला.
म्हणाल्या, मण्याकडं बघा. दोरे दोन दिसले पाहिजेत,
आणि नेमके मण्यातच एकमेकांना छेदले पाहिजेत.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी सांगितलं
की दोन दिसणं बरोबर आहे.
माझे दोरे मण्याच्या पलीकडं भेटतात,
उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे.

दस्तगीरनं उरलेल्या पत्रिकेचा जाड कागद घेऊन
एका ओळीएवढी खिडकी कापून दिली.
मागं अजून गणपतीचा अर्धा कान आहे.
खिडकी सरकवत चार ओळी वाचायच्या,
मग डोळे मिटून कुकरची एक शिट्टी.
पुन्हा चार. कधी तीनच.

बाकीचं वरच्या मजल्यावरची गौतमी वाचून दाखवते.
अकरा वर्षांची. जोडाक्षर आलं की उडी मारते.
आता कळलं, स्वल्पविराम म्हणजे
पोरगी जिथं नाक ओढते ती जागा.
तिची आई जिन्यातून हाक मारते, 'मावशी, बाजारात जातो गं.'
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो.
कथांच्या प्रुफात मी प्रत्येक वेळी
त्याचं जाते-येते करून टाकायची.
परवा दारातून मीही म्हणाले, 'ये जाऊन, मी बघतो हिच्याकडं.'
समासात कुणी खूण केली नाही.

गुरुवारी हिरव्या मण्यावर दोरे छेदले.
तो सगळ्यात लांबचा, सोपा.
पिवळा अधूनमधून. लाल अजून नाही.

काल दस्तगीर छापलेला अहवाल घेऊन आला.
अकरावं पान काढलं, खिडकी ठेवली.
सभासद. द जागेवर होता, बिचारा जागचा हललाच नव्हता.
पुढच्या ओळीत 'हार्दीक अभिनंदन'.
म्हटलं, निगव्याच्या पोरा, सापडलास!
दस्तगीर काही बोलेना.
मग आठवलं,
ते पान त्या दिवशी मीच पास केलं होतं.
खाली सही माझी, जरा तिरकी.

तरी लाल पेन मागितलं.
नऊशे प्रती गावोगाव गेलेल्या,
या एकीतली वेलांटी मी पहिली केली.
मग रात्रभर कपाळावर ओला टॉवेल, दिवे बंद.
अंधारात गौतमीनं दाराशी येऊन विचारलं,
मावशी, उद्या कुठनं वाचायचं?
बारापासनं, म्हटलं.
लाल मणी अजून गजाशी हलत होता. का दोन होते,
ते काही बघितलं नाही.